ही बॅग कुणाची?

चोर्ला घाट चढून गोव्याकडून आलेली गाडी कणकुंबीच्या तपासणी नाक्यावर थांबवली जाते. डिकी उघडायला सांगतात आणि पहिला प्रश्न येतो, “ही बॅग कुणाची?” आतून कुणीतरी “माझी” म्हणतो, चेन उघडून दाखवतो, गोव्याची बाटली निघाली नाही की गाडी जांबोटीच्या दिशेने सुटते. मलप्रभेच्या उगमाच्या या गावाला सरहद्द नवी नाही. डिसेंबर १९६१ पर्यंत घाटाखाली पोर्तुगिजांचे राज्य होते. आज खाली गोवा आणि वर कर्नाटक. नाक्यावरचा प्रश्न मात्र मिनिटभरात सुटतो, कारण बॅग आणि तिचा मालक एकाच गाडीत असतात.

याच रस्त्याने विमानातून उतरलेल्या बॅगाही येतात. बेळगावचे सांबरा विमानतळ घाटाच्या वर, दाबोळी आणि मोपा खाली. आखातातून मोप्याला उतरून बेळगाव, खानापूर, निपाणीकडे निघालेल्या माणसाच्या बॅगेच्या मुठीला एक कागदी पट्टी असते. तिच्यावर ठळक तीन अक्षरे: जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी, आयएक्सजी म्हणजे बेळगाव. शेजारी उभ्या रेघा आणि दहा आकडे. घरी पोचल्यावर ही पट्टी पहिल्यांदा फाडली जाते. त्या दहा आकड्यांवर एकमेकींची गिऱ्हाइके पळवणाऱ्या कंपन्यांचे एकमत व्हायला साठ वर्षे लागली, आणि त्यासाठी सर्वांत मोठी किंमत एका भारतीय विमानाने मोजली.

दोन प्रती, एक प्रवाशाची

विमानात बॅग मालकापासून तोडली जाते. तो वर बसतो, ती पोटात जाते. कधी तर ती दुसऱ्याच विमानाने जाते. त्यामुळे ‘ही बॅग कुणाची’ याचे उत्तर कागदावर असावे लागते. या कागदाला कायद्याचे बळ पहिल्यांदा मिळाले ते १२ ऑक्टोबर १९२९ च्या वॉर्सा करारात. सामानाची पावती दोन प्रतींत करायची, एक कंपनीकडे आणि एक प्रवाशाकडे, असे त्यात ठरले. नोंदवलेले सामान हरवले तर भरपाई किलोमागे २५० सुवर्ण फ्रँकच्या आत. पावती न देता सामान घेतले, तर कंपनीला या मर्यादेचा आडोसा मिळणार नाही, असाही खटका त्यात होता. भारतात हा करार १९३४ च्या कायद्याने लागू झाला.

तोवर भारतात विमानाने जाणारी मुख्य पिशवी टपालाची होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले तेव्हा पुस मॉथ विमानात सुमारे २५ किलो टपाल होते. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. एक कंपनी, एक पिशवी, उतरवून घेणारा टपाल खात्याचा माणूस समोर उभा. हरवायला जागाच नव्हती.

जागा निर्माण झाली ती युद्धानंतर. एप्रिल १९४५ मध्ये हवाना येथे विमान कंपन्यांची संघटना स्थापन झाली, ती आयाटा. भाडी, तिकिटे आणि एकमेकींचे प्रवासी पुढे नेण्याचे नियम ती ठरवू लागली. १९५८ मध्ये तिचे अध्यक्षपद खुद्द टाटांकडे होते. १९४९ मध्ये अकरा कंपन्यांनी मिळून सीटा नावाची संस्था काढली. प्रत्येकीने वेगळ्या तारा टाकण्याऐवजी संदेशांचे एकच सामायिक जाळे वापरायचे, हा तिचा हेतू. या दोन संस्थांमुळे एका तिकिटावर तीन कंपन्यांची विमाने बदलून प्रवास करणे शक्य झाले. बॅगही पहिल्या काउंटरवर सोडायची आणि शेवटच्या गावी घ्यायची. यालाच या धंद्यात ‘इंटरलाइन’ म्हणतात. सोय मोठी होती. पण बॅग आता एका कंपनीकडून दुसरीकडे जाणार होती, आणि मधल्या काळात ती नेमकी कुणाच्या ताब्यात, हे कुठेच नीट लिहिलेले नव्हते.

आपल्या भागात तेव्हा ही गुंतागुंत पोचली नव्हती. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने युद्धासाठी बांधली. दाबोळीचे विमानतळ पोर्तुगिजांनी १९५५ साली सुरू केले, भारताने गोव्याची नाकेबंदी केली त्याच काळात. तिथून उडणारी पोर्तुगीज कंपनी दमण, दीव आणि कराची असे फेरे मारी. मोजके प्रवासी, मोजके सामान.

१९७१ मध्ये एअर इंडियाकडे पहिले जंबो, ‘एम्परर अशोक’, आले आणि प्रमाणच बदलले. एका उड्डाणात साडेतीनशेच्या आसपास माणसे म्हणजे बॅगा पाच-सहाशे. त्या सुट्या चढवणे परवडेना, म्हणून ॲल्युमिनियमच्या पेट्यांत भरून पेटीच आत सरकवू लागले. काम भराभर होऊ लागले. पण एखादी ठरावीक बॅग बाहेर काढायची झाली, तर ती कोणत्या पेटीत आहे हे कुणालाच सांगता येत नव्हते. त्या काळात ही अडचण फारशी कुणाला बोचली नाही, कारण बॅग बाहेर काढण्याची वेळच क्वचित येई.

२२ जून १९८५

त्या दिवशी कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळावर एम. सिंग या नावाचा एक प्रवासी कॅनेडियन पॅसिफिकच्या काउंटरवर आला. त्याला टोरांटोपर्यंत पक्के तिकीट होते. तिथून पुढे एअर इंडियाच्या विमानात त्याचे नाव प्रतीक्षायादीत होते. बॅग थेट दिल्लीपर्यंत लावा, असा त्याचा आग्रह. काउंटरवरच्या बाईंनी नियम सांगितला: पुढची जागा पक्की नसेल तर बॅग पुढे लावता येत नाही. तो हटेना. मागे रांग वाढत होती. अखेर त्यांनी टॅग लावला. बॅग गेली, एम. सिंग विमानात चढलाच नाही. त्याच दिवशी एल. सिंग नावाच्या दुसऱ्या प्रवाशाची बॅग त्याच विमानतळावरून टोकियोला गेली. तोही चढला नाही.

टोरांटोला बॅगा तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी दुपारी बंद पडले. उरलेल्या बॅगांवरून स्फोटकांचा वास घेणारे हातातले यंत्र फिरवण्यात आले. एम. सिंगची बॅग दुसऱ्या कंपनीच्या विमानातून आली होती, टॅग रीतसर होता. तिचा मालक विमानात आहे का, हे कुणी पाहिले नाही. पाहण्याची रीत असती तरी विमानात चढलेल्यांची यादी आणि पोटात गेलेल्या बॅगांची यादी एकमेकींशी ताडणारी सोय जागेवर नव्हती.

२३ जूनला टोकियोच्या नारिता विमानतळावर एल. सिंगची बॅग एअर इंडियाच्या बँकॉकच्या विमानाकडे नेली जात असताना फुटली. बॅगा हलवणारे दोन जपानी कामगार ठार झाले, चौघे जखमी झाले. त्यानंतर ५५ मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकवर ३१,००० फुटांवर एम. सिंगची बॅग घेऊन निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर कनिष्क’ रडारवरून नाहीसे झाले. विमानात ३२९ जण होते. एकही वाचला नाही. दोन्ही स्फोटांचा माग व्हँकुव्हरच्या काउंटरवर मालकाशिवाय सुटलेल्या त्या दोन बॅगांपर्यंत जाऊन पोचला.

समुद्राच्या तळाशी, दोन किलोमीटर खोलीवर पडलेले ध्वनिमुद्रक यंत्रमानवाच्या मदतीने जुलैत वर काढले गेले आणि तपासासाठी मुंबईत आणले गेले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तज्ज्ञांनी त्यातल्या शेवटच्या क्षणांच्या आवाजाची चिकित्सा केली. न्यायमूर्ती कृपाल यांच्या चौकशीचा अहवाल १९८६ मध्ये आला. कॅनडाने मात्र न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाचा अहवाल थेट २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्या अहवालात पानोपानी एकच गोष्ट उघडी पडते. एअर इंडियावर हल्ल्याचा धोका आहे हे विमान कंपनी, विमानतळ, पोलिस, गुप्तचर या प्रत्येकाला थोडे थोडे ठाऊक होते. सगळे मिळून कुणालाच ठाऊक नव्हते.

बोट दाखवा, मग चढा

कनिष्कनंतर नियम बदलला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सुरक्षेविषयीच्या परिशिष्टात तरतूद आली: प्रवासी चढला नसेल, तर वेगळी सुरक्षा तपासणी झाल्याखेरीज त्याची बॅग न्यायची नाही. भारतात नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस, १९७८ पासून एका खात्यातला विभाग म्हणून काम करत होता. कनिष्कच्या घातानंतर १ एप्रिल १९८७ रोजी त्याला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला.

नियम आला, पण तो पाळायचा कसा? संगणक जेमतेम होते. भारतीय विमानतळांनी काढलेला उपाय ऐंशी-नव्वदच्या दशकांत विमानाने फिरलेल्यांना आठवत असेल. विमानाजवळ डांबरावर सगळ्या बॅगा रांगेत मांडून ठेवलेल्या असत. बसमधून उतरलेला प्रवासी उन्हात त्या रांगेपाशी जायचा, आपली बॅग बोटाने दाखवायचा, लोडर ती उचलून गाडीवर टाकायचा, आणि मगच प्रवासी शिडीकडे वळायचा. ज्या बॅगेकडे कुणीच बोट दाखवले नाही ती खालीच राहायची. वेळ खाणारी, पावसात चिंब करणारी पद्धत, पण बिनतोड. कणकुंबीच्या नाक्यावरचा प्रश्न थेट धावपट्टीच्या कडेला विचारला जात होता.

दोनशे माणसांच्या विमानाला हे चालेल. दर दोन मिनिटांनी विमान सोडणाऱ्या फ्रँकफर्टला कसे चालणार? तिथे पॅन ॲम कंपनीने बॅग आणि प्रवासी जुळवण्याऐवजी बदलीच्या बॅगांची नुसती क्ष-किरण तपासणी करण्याचा जवळचा रस्ता धरला. २१ डिसेंबर १९८८ रोजी तिचे विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर फुटले. विमानातले २५९ आणि जमिनीवरचे ११ जण गेले. स्फोटके मालकाशिवाय आलेल्या एका बदलीच्या बॅगेत होती. नियम कागदावर असताना हे घडले, कारण तो पाळता येईल असे साधन हाताशी नव्हते. साडेतीन वर्षांत तोच घाव दुसऱ्यांदा बसला.

दहा आकडे

साधन म्हणजे काय हवे होते? प्रत्येक बॅगेला जगात वेगळा ओळखू येणारा क्रमांक, आणि तो कोणत्याही विमानतळावरच्या यंत्राला वाचता येईल अशी खूण. किराणा मालावर बारकोड एव्हाना रुळला होता. अडचण तंत्राची नव्हती. प्रत्येक कंपनीचे टॅग वेगळे, क्रमांक वेगळे, संगणक वेगळे. एअर इंडियाने मुंबईत छापलेला टॅग फ्रँकफर्टच्या विमानतळाने विकत घेतलेल्या यंत्राने वाचावा आणि त्यावरून लुफ्तान्साच्या माणसाने बॅग न्यूयॉर्कच्या पेटीत टाकावी, हे तिघांनी एकत्र बसून ठरवल्याखेरीज होणार नव्हते.

आयाटाच्या सामानविषयक समित्यांत हे ठरले. टॅगवर दहा आकडी क्रमांक. पहिला आकडा बॅगेचा प्रकार सांगतो: साधी बॅग असेल तर शून्य, चुकून मागे राहिलेली आणि घाईने पाठवायची असेल तर दोन. पुढचे तीन आकडे कंपनीचे, एअर इंडियाचे ०९८, इंडिगोचे ३१२. उरलेले सहा त्या बॅगेचे. या क्रमांकात प्रवाशाचे नाव नाही, गाव नाही, विमान नाही. ती माहिती काउंटरवरच्या संगणकातून एका छोट्या संदेशाने पुढच्या विमानतळाकडे जाते: अमुक क्रमांकाची बॅग, तमुक प्रवाशाची, या विमानातून त्या विमानात. टॅगवरचा क्रमांक यंत्राने वाचला की तो या संदेशाशी जुळवला जातो. यामुळे वाटेत प्रवाशाचा बेत बदलला, विमान चुकले, तरी टॅग तोच राहतो. बदलतो तो फक्त संदेश. ही कल्पना साधी आणि फार चतुर होती. नव्वदच्या दशकात ती जगभर रुजली.

बॅग नेमकी कोणत्या पेटीत, हा जुना प्रश्नही मग क्रमांकाने सोडवला. लोडर बॅग पेटीत टाकताना टॅग वाचतो, पेटीचा क्रमांक वाचतो. प्रवासी दारात आला नाही तर पडद्यावर दिसते: बॅग अमक्या पेटीत, इतक्याव्या क्रमाने चढलेली. पाचशे बॅगा उपसाव्या लागत नाहीत. डांबरावर उन्हात दाखवलेल्या बोटाचे काम आता हातातल्या स्कॅनरकडे आले.

यंत्र आधी, बोलणी मागून

याच काळात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने उलटा रस्ता धरून पाहिला. नवे विमानतळ बांधताना शहराने ठरवले की सगळ्या कंपन्यांच्या बॅगा एकाच स्वयंचलित यंत्रणेतून जातील: जमिनीखालून मैलोन्‌मैल रूळ, त्यावर धावणाऱ्या हजारो लहान गाड्या, प्रत्येक गाडीत एक बॅग. विमानतळाची इमारत निम्मी उभी राहिल्यावर १९९२ मध्ये हे काम दिले गेले. ज्या कंपन्यांच्या बॅगा त्यातून जाणार, त्यांच्याशी नीट बोलणी झाली ती त्यानंतर. आणि मग कुणाला स्कीइंगच्या लांब पिशव्यांसाठी वेगळी सोय हवी, कुणाला गाड्यांचा मार्गच बदलून हवा.

१९९४ च्या वसंतात पत्रकारांना यंत्रणा चालवून दाखवण्यात आली. गाड्या एकमेकींवर आदळल्या, बॅगा फाटल्या, कपडे रुळांवर विखुरले. ऑक्टोबर १९९३ ला उघडायचे विमानतळ २८ फेब्रुवारी १९९५ ला उघडले. सोळा महिने उशीर, आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला सुमारे अकरा लाख डॉलर. ती यंत्रणाही पुढे एकाच कंपनीने, अर्धीमुर्धी वापरली. बाकीच्यांनी जुन्या पद्धतीने ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या लावल्या. २००५ मध्ये उरलेली यंत्रणाही बंद झाली. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत हे प्रकरण आज संगणकाच्या चुका म्हणून शिकवतात. त्यातली मोठी चूक संगणकाच्या आधीची होती.

ताबा कुणाकडे?

क्रमांक आला तरी बॅगा हरवायच्या थांबल्या नाहीत. २००७ मध्ये जगभरात हजार प्रवाशांमागे १८.८८ बॅगा चुकत, अडकत किंवा मोडत होत्या, असे सीटाचा अहवाल सांगतो. पुढच्याच वर्षी, २७ मार्च २००८ रोजी, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर नवे पाचवे टर्मिनल उघडले आणि पहिल्या दिवसापासून हजारो बॅगा साचल्या. कामगारांना संगणकात शिरता येईना, चाचणीच्या वेळी लावलेली संदेश अडवणारी चाळणी काढायची राहून गेली होती, म्हणून यंत्रणेला दुसऱ्या कंपन्यांच्या बॅगा ओळखू येईनात.

अशा प्रकरणांची छाननी केल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बॅग बहुधा एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जाताना हरवते. आजही उशिरा पोचणाऱ्या बॅगांपैकी निम्म्याच्या आसपास बॅगा विमान बदलताना मागे राहतात. उतरवणारी कंपनी म्हणते, आम्ही दिली. चढवणारी म्हणते, आम्हाला मिळालीच नाही. मधला विमानतळ म्हणतो, पट्ट्यावर होती. तिघेही खरे बोलत असतील, पण सिद्ध कुणालाच करता येत नाही.

आयाटाने यावर केलेला ठराव क्रमांक ७५३ जून २०१८ पासून लागू झाला. त्यातली मागणी साधी आहे. चार ठिकाणी प्रत्येक बॅगेची नोंद झालीच पाहिजे: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या कंपनीला देताना, आणि शेवटी प्रवाशाला परत करताना. शिवाय ही नोंद मागेल त्या भागीदार कंपनीला दाखवायची. टपाल खाते रजिस्टर पत्राच्या बाबतीत हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहे. प्रत्येक हातबदलाला सही. विमान कंपन्यांना तेवढे मान्य करायला २०१८ उजाडले, कारण नोंद ठेवणे म्हणजे चूक आपली असेल तेव्हा ती आपल्याच वहीत लिहिणे.

२०१९ मध्ये सोलच्या वार्षिक सभेत कंपन्यांनी आणखी एक पाऊल टाकले: टॅगमध्ये रेडिओ लहरींनी वाचता येणारी चकती बसवण्याला पाठिंबा. रेघा चुरगळल्या, टॅग उलटला तरी ही चकती वाचता येते. पण टॅग महाग होतो आणि वाचणारी यंत्रे विमानतळाला बसवावी लागतात. खर्च कुणाचा आणि फायदा कुणाचा, हा वाद अजून चालूच आहे. बॅगांचे संदेश तर अनेक ठिकाणी अजूनही टेलिप्रिंटरच्या जमान्यातल्या मांडणीत, मोजक्या अक्षरांच्या तारेसारखे धावतात. ते आजच्या संगणकांच्या भाषेत आणण्याची खटपट आयाटा आणि सीटा करत आहेत.

करारांची मर्यादा २०२२ च्या उन्हाळ्यात दिसली. कोरोनाच्या साथीत युरोपात सामान हाताळणारे हजारो कामगार कमी केले गेले होते. प्रवासी परतले, कामगार परतले नाहीत. हीथ्रोवर बॅगांचे ढीग लागले. एका अमेरिकन कंपनीने जुलैत हीथ्रोहून डेट्रॉइटला एकही प्रवासी न घेता, हजार बॅगा भरून विमान नेले. त्या वर्षी हजारामागचा आकडा ७.६ वर गेला. २०२३ मध्ये तो ६.९ झाला. २००७ च्या मानाने कितीतरी कमी, आणि तरीही जगाच्या प्रवाशांना गुणले की कोट्यवधी बॅगा.

शेवटची बॅग, तीस मिनिटे

भारतात या बदलांची गाठ खासगीकरणाशी पडली. एप्रिल २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबईची विमानतळे खासगी कंपन्यांच्या हाती देणारा करार झाला. त्यात सेवेची मापे होती: इंजिन बंद झाल्यावर पहिली बॅग दहा मिनिटांत आणि शेवटची तीस मिनिटांत पट्ट्यावर. फेब्रुवारी २०१४ मध्ये मुंबईचे नवे टर्मिनल दोन सुरू झाले. दारातच बॅग क्ष-किरणातून काढून तिला प्लास्टिकची पट्टी आवळण्याची जुनी रीत अशा ठिकाणी संपली. तपासणी काउंटरमागच्या पट्ट्यावर, प्रवाशाच्या नजरेआड होऊ लागली. २०१७ मध्ये मोठ्या विमानतळांवर हँडबॅगेच्या टॅगवर शिक्का मारण्याची सक्तीही गेली.

मापे कागदावर आणि बॅगा पट्ट्यावर यांत अंतर राहिलेच. जानेवारी २०२४ मध्ये बीसीएएसने सहा मोठ्या विमानतळांवर बॅगांना लागणारा वेळ मोजायला सुरुवात केली आणि फेब्रुवारीत सात विमान कंपन्यांना दहा दिवसांची मुदत देऊन तीस मिनिटांचा नियम पाळायला सांगितले. गंमत अशी की हा करार विमानतळाने केला होता, दट्ट्या विमान कंपनीला बसला, आणि बॅग उचलणारा माणूस बहुतेक वेळा या दोघांचाही नसतो. तो तिसऱ्याच, जमिनीवरची कामे घेणाऱ्या कंपनीचा असतो. मे २०२५ मध्ये अशा एका तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी सरकारने एका दिवसात रद्द केली, तेव्हा मुंबई, दिल्ली आणि मोपा धरून नऊ विमानतळांवरचे काम दुसऱ्यांकडे सोपवावे लागले. प्रवाशांना तोवर ती कंपनी अस्तित्वात असल्याचेही ठाऊक नव्हते.

या माणसाचे काम एकदा पाहावे. बोईंग ७३७ किंवा एअरबस ३२० च्या पोटाची उंची सव्वा मीटरच्या आसपास. आत उभे राहता येत नाही. एकजण दाराशी, दुसरा आत गुडघ्यांवर. पट्ट्यावरून आलेली बॅग पहिला ढकलतो, दुसरा रचतो. एका उड्डाणात दीडशे-दोनशे बॅगा, एकेक तेवीस किलोपर्यंतची, उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या आत. बॅग बत्तीस किलोहून जड घेत नाहीत, तो नियम याच माणसाच्या पाठीसाठी आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिन्याला या कामाच्या भरतीसाठी राज्यभरातून हजारो तरुण जमले आणि रेटारेटी झाली. पगार वीस-पंचवीस हजारांचा. ठराव ७५३ मधल्या चार नोंदींपैकी विमानात चढवण्याची नोंद याच माणसाच्या हातातला स्कॅनर करतो. घाईत त्याने एक टॅग वाचला नाही, तर साऱ्या जगाच्या साखळीत तिथे एक कडी निखळते.

बेळगावात ही साखळी आखूड आहे. सांबऱ्याचे नवे टर्मिनल सप्टेंबर २०१७ मध्ये उघडले आणि उडान योजनेमुळे २०१९ पासून गावे जोडली गेली. इथली बरीच विमाने लहान. एटीआरमध्ये बॅगा वैमानिकांच्या मागच्या आणि शेपटीकडच्या कप्प्यात, कोल्हापूरच्या घोडावतांच्या स्टार एअरच्या छोट्या एम्ब्राएरमध्ये शेपटीकडे. सामान थोडे, अंतर थोडे, पट्टाही आखूड. पण विदेशातून एकाच तिकिटावर मुंबई किंवा बेंगळुरूमार्गे बेळगावला येणाऱ्याची बॅग टॅगवर ‘आयएक्सजी’ असूनही तिथे उतरवून घ्यावी लागते, कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुन्हा द्यावी लागते. दोन स्वतंत्र तिकिटे असतील तर कंपन्यांमध्ये देवघेवच नाही. मधल्या गावी बॅग संपूर्ण प्रवाशाची जबाबदारी. ‘मला वाटले थेट जाईल’ म्हणणारे याच ठिकाणी फसतात.

नव्वद वर्षांत झालेल्या या सगळ्या करारांत कंपन्या, विमानतळे, सरकारे आणि यंत्रे विकणारे टेबलाभोवती होते. प्रवासी नव्हता. त्याच्या वाट्याला १९२९ मध्ये ठरली तीच गोष्ट आजही येते: पावतीची दुसरी प्रत. बोर्डिंग पासमागे चिकटवलेल्या त्या चिटोऱ्यावर तेच दहा आकडे असतात. १९९९ च्या माँट्रियल करारात भारत २००९ मध्ये सामील झाला. त्या करारानुसार बॅग मोडली असेल तर सात दिवसांत आणि उशिरा आली असेल तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. एकवीस दिवसांत बॅग आलीच नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. डिसेंबर २०२४ पासून या करारातली मर्यादा प्रवाशामागे नाणेनिधीच्या एककात १,५१९ एसडीआर आहे. तक्रारीच्या अर्जावर पहिला रकाना असतो टॅग क्रमांकाचा. म्हणून बॅग पट्ट्यावरून उचलून, आतले सगळे जागच्या जागी आहे हे पाहून होईपर्यंत ते चिटोरे टाकू नये.